सूर्यमाळला थांबणारी गाडी

रविवारी दुपारी दाजींच्या घरातून आगगाडीचा आवाज यायचा. जव्हारच्या त्या आळीत कुणाकडे पाहुणा आलेला असला की तो ओट्यावर बसल्या बसल्या दचकायचा, कारण सगळ्यात जवळचे रूळ तिथून कित्येक डोंगर पलीकडे होते. आळीतल्या माणसांना मात्र सवय झाली होती. समोरच्या काकू उन्हात पसरलेल्या मिरच्या परतता परतता म्हणायच्या, "आली वाटतं तुमची गाडी," आणि आक्का मागच्या पडवीतून ओरडायची, "आली, पण थांबायचं नाव घेत नाही!" हे ऐकलं की मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे आणखी खाली मान घालायचो. पंख्याची घरघर, पडवीत चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज, आणि त्या दोन्हींच्या मधून, चिरकलेल्या स्पीकरमधून, लांबच्या वळणावरून येणारी ती गाडी. तारुण्य म्हटलं की मला अजून एवढंच ऐकू येतं.

आक्का माझी थोरली बहीण आणि दाजी तिचे यजमान. आमचं मूळ घर वर सूर्यमाळच्या बाजूला, एका पाड्यावर. आई-बाबा तिथे भात आणि नागली पिकवायचे. बारावीला मी गणितात आपटलो आणि गुरांमागे फिरायला लागलो, तेव्हा आक्कानं मला जव्हारला बोलावून घेतलं. दाजींचा टायपिंगचा क्लास होता. पुढच्या खोलीत भिंतीला लागून टाइपरायटर, आणि आतल्या खोलीत नव्यानं आणलेला, म्हणजे ठाण्याच्या कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, एक कॉम्प्युटर. त्यावर मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी आदल्या दिवशी जे शिकायचो ते दुसऱ्या दिवशी शिकवायचो. धाकटी बहीण यमुनाही आमच्यातच होती. ती तिथल्या कॉलेजात बारावीला होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. हे तिनं कुणाला विचारून ठरवलं नव्हतं. आमच्या भागात लहान मुलं कशी जातात ते तिनं पाहिलं होतं, वावर गावच्या बालमृत्यूंची हकीकत ऐकतच ती मोठी झाली होती, आणि त्याविषयी ती फार बोलत नसे. जेवताना मधूनच म्हणायची, "नर्सला घर मिळतं ना सरकारी?" दाजी म्हणायचे, "मिळतं. आणि छप्पर गळलं की दुरुस्तीचा अर्ज करायलाही मिळतो."

त्या कॉम्प्युटरबरोबर एका पिशवीत सीड्या आल्या होत्या. त्यातल्या एकीत तो रेल्वेचा गेम निघाला. परदेशातले बर्फाचे डोंगर, पूल, आणि खरीखुरी वाटणारी इंजिनं. मी तोवर खरी आगगाडी पाहिली नव्हती. ही गोष्ट मी क्लासच्या मुलांपासून लपवून ठेवली होती. सुरुवातीला मी सगळ्यांसारखी गाडी चालवली, वेग वाढवला, रुळांवरून घसरवली आणि हसलो. पण थोड्याच दिवसांत त्यातली माझी गोडी गेली आणि दुसऱ्याच गोष्टीत अडकली. त्या गेममध्ये आपण चालवतो ती एक गाडी असते. बाकीच्या गाड्या कॉम्प्युटर चालवतो. त्या समोरून येतात, बाजूच्या रुळावरून जातात, आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या कुठून निघतात, कुठे जातात, आणि मुख्य म्हणजे कुठे थांबतात, हे मला कळेना. एका सुंदर कौलारू स्टेशनात एकही गाडी थांबत नव्हती आणि पुढे नुसत्या माळावर एक रोज थांबत होती.

गेमच्या पोटात आणखी एक भाग होता. तिथे आपल्याला नवे रूळ घालता यायचे, माऊसनं ओढून डोंगर वर काढता यायचे आणि कॉम्प्युटरच्या गाड्यांना काम नेमून देता यायचं. सगळं इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर घेऊन मी चाचपडत त्यात शिरलो. मग एका दुपारी उलगडा झाला. कॉम्प्युटरच्या गाडीला स्टेशन दिसतच नाही. इमारत, बाकडी, दिवे, पाटी, यातलं काही तिला कळत नाही. रुळांवर दोन खुणा ठोकायच्या, इथून फलाट सुरू, इथे संपला. मग त्या गाडीच्या कामात लिहायचं की या खुणांमध्ये थांब, आणि इतका वेळ थांब. गाडी येते, आपलं मधलं अंग त्या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर आणते आणि उभी राहते. वेळ भरला आणि सिग्नल मिळाला की निघते. त्या खुणा खेळणाऱ्याला दिसतसुद्धा नाहीत. माळावर कुणीतरी खुणा ठोकल्या होत्या आणि कौलारू स्टेशनात ठोकायला विसरलं होतं, बस.

मी यमुनाला हाक मारली. ती तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून जीवशास्त्र पाठ करत असायची. मी तिच्यासमोर रानात दोन खुणा ठोकल्या, गाडी सोडली, आणि गाडी आली, हळू झाली, आणि त्या रानात उभी राहिली. कुणी चढलं नाही, उतरलं नाही. यमुना पुस्तकात बोट घालून बघत राहिली.

"तू सांगितलंस म्हणून थांबली?"

"हो."

"आपल्याकडे पण असं करता येईल?"

आमच्याकडे एस.टी. काय, जीप काय, माणूस जिथे उभा असेल तिथे हात केला की थांबते. त्यामुळे गाडी थांबण्याची जागा कुणी आधी ठरवून ठेवतं ही कल्पनाच आम्हाला नवी होती. पण एक गाडी आमच्याकडे अशी होती की तिला कितीही हात केला तरी ती ठरलेल्या जागीच थांबायची. उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर. तो आमच्या पाड्यापासून बराच खाली, जांभळाच्या झाडाशी थांबायचा, तिथल्या विहिरीत पाणी सोडायचा आणि जायचा. यमुनाचं अर्धं लहानपण त्या जांभळापासून घरापर्यंतच्या चढावर, डोक्यावर हंडा घेऊन गेलं होतं. मी मुलगा होतो, मला हंडा उचलायला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी आपण होऊन उचलला नाही. हे लिहिताना कळतं की माझ्या हिशेबाची सुरुवात तिथूनच आहे.

मग मी आमचा मार्ग बांधायला घेतला. जव्हारहून निघालेले रूळ मोखाड्यावरून वर सूर्यमाळपर्यंत. डोंगर जमत नव्हते, पावसाळ्यातल्या शेवाळासारखी हिरवी ढेकळं दिसायची. झाडं परदेशी, टोकदार. पण यमुना बघायची आणि म्हणायची, "हे वळण बरोबर आहे," किंवा "इथे चढ जास्त आहे, माझ्या मानेला विचार." मी त्यावर एक टाक्यांची मालगाडी सोडली आणि तिला थांबण्याच्या खुणा आमच्या घरासमोर ठोकल्या. जांभळाच्या खूप वर, अगदी दारात. ती गाडी पहिल्यांदा चढ चढून आली आणि आमच्या दाराशी थांबली, तेव्हा यमुनानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर मिरच्यांचा खाट हवेत होता. आक्का खोकत होती. आम्ही दोघं त्या गाडीकडे बघत होतो आणि मला वाटत होतं की जगात असं काही नाही जे योग्य जागी दोन खुणा ठोकून आणता येणार नाही.

होळीनंतर आई आक्काकडे आली. तिला आम्ही कॉम्प्युटरपुढे बसवलं. ती जमिनीवरच बसली, पदर सावरून, देवळात बसतात तशी.

"ही कंची वाट?" तिनं विचारलं.

"आपली. सूर्यमाळची," यमुना म्हणाली. "आणि ही पाण्याची गाडी. बघ आता कुठं थांबते."

गाडी थांबली. आईनं बराच वेळ बघितलं.

"आन् वरच्या पाड्याच्या बायांनी काय करायचं?"

"आई," मी म्हणालो, "हे खरं नाही. खोटं आहे."

"खोटं हाय, तर मग दोन्हीकडं थांबव ना. खोट्यात कशाला कमी करतोस?"

दाजी दारात उभे राहून हसायला लागले. "काय हो स्टेशनमास्तर, लागली का विनंती यायला? आमच्या दारात पण एक थांबा द्या."

मी वरच्या पाड्याला खुणा ठोकल्या. मग आईनं खालचा पाडा सांगितला, तिथे तिची मावसबहीण होती. मग शाळेपाशी. मग आक्काच्या मैत्रिणीचं घर. आम्हाला कुणाला नाही म्हणता येईना. सगळीकडे थांबत थांबत ती पाण्याची गाडी वर चढायची आणि वरून खाली येणारी, मी नंतर सोडलेली माणसांची गाडी तिच्या समोर येऊन उभी राहायची, कारण रूळ एकच. दोघींचे सिग्नल लाल. दोघींची तोंडं समोरासमोर. एका रविवारी त्या दुपारभर तशाच उभ्या होत्या.

"एकीनं मागं व्हावं की," यमुना म्हणाली.

"कॉम्प्युटरची गाडी मागं होत नाही."

"मग एक थांबा काढून टाक."

"कुणाचा?"

ती बोटांवर थांबे मोजायला लागली. मीही. शेवटी आक्कानं जेवायला हाक मारली आणि आम्ही त्या गाड्या तशाच सोडून उठलो. नागलीची भाकरी, उडदाचं पातळ वरण आणि खुरासणीची चटणी. जेवताना यमुना म्हणाली, "तू त्या माणसांच्या गाडीला आपल्याकडे जास्त वेळ थांबायला सांग. आईला ओझं घेऊन चढायला वेळ लागेल." मी सांगितलं. पुढे एक बाजूचा रूळ घालून मी तो गुंता सोडवला. खाली येणारी गाडी सूर्यमाळच्या त्या रुळावर वाट बघत उभी राहायची. तिला मी इतका वेळ दिला होता की सगळा पाडा सामानसुमानासह चढून बसला असता. माझी गाडी कुणाला टाकून जात नसे.

यमुना बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि जळगावच्या एका नर्सिंग शाळेतून तिला मुलाखतीला बोलावणं आलं. सकाळी हजर राहायचं, मुलींची आदल्या दिवशी राहण्याची सोय तिथेच. गेली नाही तर जागा दुसरीला जाणार आणि बाबा तिला पुढच्या वर्षापर्यंत बिनलग्नाची ठेवणार नव्हते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. दाजींनी सरळ वाट सांगितली. मोखाड्यावरून त्र्यंबक, नाशिक, आणि नाशिकला आगगाडीत बसायचं. मी म्हणालो, नको, खोडाळ्यावरून कसाऱ्याला जाऊ. तिथून गाडी मिळते, नाशिकला गर्दी असते, कसाऱ्याला बसायला जागा मिळेल. दाजींनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "मला माहीत आहे." मला काही माहीत नव्हतं. मला कसाऱ्याचा घाट बघायचा होता. तिथे गाडीला मागून इंजिनं लावून ढकलावं लागतं आणि एकामागून एक बोगदे येतात, असं मी ऐकलं होतं. खऱ्या गाडीत बसण्याची माझी ही पहिलीच वेळ होती आणि ती मला सपाट जमिनीवर घालवायची नव्हती. दाजी म्हणाले, "बरं बाबा, स्टेशनमास्तर सांगतील तसं." आक्कानं भाकऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. यमुनाची कागदपत्रं आणि थोडे पैसे आईनं शिवलेल्या कापडी पिशवीत होते. ती पिशवी यमुनानं गळ्यात घातली आणि वरून ओढणी घेतली.

विहीगावच्या उतारावर जीप धुक्यातून गेली. पाऊस थांबला होता, पण डोंगर सगळे गळत होते. कसारा स्टेशनात आम्ही शिरलो आणि मी फलाटावर उभा राहिलो तो हरखूनच गेलो. रूळ माझ्या रुळांपेक्षा काळे होते, ओले होते, आणि त्यांना वास होता. यमुना माझ्या शर्टाची बाही धरून होती. मी तिला मोठ्या माणसासारखं समजावलं, "घाबरायचं नाही. गाडी मधोमध येऊन थांबते." मी फलाटाचं एक टोक बघितलं, दुसरं बघितलं, मधोमध जागा काढली आणि तिला तिथे उभं केलं. "इथे दार येईल. जागची हलू नकोस."

गाडी आली. मधोमध आली खरी, पण आमच्यासमोर आले ते बंद खिडक्यांचे, महागड्या तिकिटाचे डबे. आमचे डबे पार मागे, शेवटाला. तिकडे माणसं पळत होती. मी यमुनाची ट्रंक उचलली आणि तिला म्हणालो, "तू इथेच थांब. मी जागा धरतो आणि तुला हाक मारतो." आमच्याकडे जीपला असंच करतात. एकानं पुढे घुसून जागा धरायची, मग बाकीच्यांनी यायचं, आणि सगळे बसेपर्यंत जीप हलत नाही. मी पळालो, रेटत आत शिरलो, एका बाकाच्या कोपऱ्यावर ट्रंक ठेवली, भाकऱ्यांचं फडकं ठेवलं, आणि वळून दाराकडे आलो तर पायाखालची जमीन हलली. मागच्या इंजिनांनी गाडीला रेटा दिला होता. दारात माणसं लटकलेली. त्यांच्या खांद्यांवरून मी डोकं बाहेर काढलं आणि आमचा डबा हळूहळू यमुनासमोरून गेला. ती मी उभी केली होती त्याच जागी, गळ्यातली पिशवी छातीशी धरून उभी होती. मी हाक मारली. मारली असं मला आठवतं. ती हलली नाही. मी तिला हलू नकोस म्हणून सांगितलं होतं.

माझ्या डोक्यावर साखळी होती. लाल मूठ, खाली ओढायची, खाली तीन भाषांत सूचना. मी ती बघितली. जवळच उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणी राहिलं का रे?" माझा हात वर गेला. दंडाची भीती वाटली म्हणून तो खाली आला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. गाडी वळणावर आली होती. पुढचं इंजिन मला दिसत होतं, सगळी गाडी धनुष्यासारखी वाकली होती, खाली दरी आणि दरीत ढग. आणि मग बोगदा आला. एकदम अंधार, ओल्या दगडाचा गारवा, कुठून तरी अंगावर उडालेलं पाणी, आणि सगळी पोरं ओरडायला लागली, आणि त्यांच्याबरोबर मीही ओरडलो. माझा आवाज दगडावर आपटून माझ्याकडे परत आला. त्या बोगद्यात मला बहीण नव्हती. आई नव्हती, मुलाखत नव्हती. मी ज्या गाड्यांना थांबवत आलो होतो त्यांतली एक मला घेऊन चालली होती आणि तिनं कधी म्हणजे कधी थांबू नये असं मला वाटत होतं. तेवढ्यासाठी मी साखळी ओढली नाही. उजेडात आलो तेव्हा म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघितलं.

इगतपुरीला मी उतरलो. उलट जाणाऱ्या गाडीला वेळ होता. बाकावर बसलो आणि फडकं सोडलं. मला भूक लागली होती, याची मला अजून लाज वाटते. माझ्या भाकऱ्या खाल्ल्या, मग तिच्याही खाल्ल्या. खाताना मी रडत होतो, पण खात होतो. दाजींना फोन करायचं धाडस झालं नाही. परत कसाऱ्याला पोचलो तर ती जागा रिकामी. मी फलाटभर पळालो. टोपलीभर फुलं घेऊन एक बाई बसली होती, तिनं हाक मारली.

"पिशवीवाली पोरगी हुडकतोस का?"

"हो. कुठं आहे?"

"गेली. किती येळ थांबली तुझ्यासाठी! मी म्हटलं, पोरी, हिथं उभी राहून गाडी येनार हाय का तुझ्यापाशी? तवा कुठं हलली. मास्तरला जाऊन इचारलं, तिकीट काढलं, आन् बायांच्या डब्यात बसली. तू कोन?"

"भाऊ."

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फुलांवर पाणी मारायला लागली.

म्हणजे घाटात कुठेतरी आमच्या गाड्या एकमेकींसमोरून गेल्या होत्या. ती वर, मी खाली. मी पुन्हा गाडीत बसलो आणि या खेपेला बोगदे आले तेव्हा डोळे मिटून घेतले. जळगावला नर्सिंग शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत दुसरा दिवस बराच वर आला होता. ट्रंक खाली ठेवून मी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं यमुना बाहेर आली. कुणाची तरी उसनी ओढणी, ओले केस.

"कुठं होतास रे दादा? झाली मुलाखत. घेतलं मला."

मी ट्रंक तिच्यापुढे सरकवली. तिनं ट्रंक उघडून बघितली. "आणि भाकऱ्या?"

"खराब झाल्या," मी म्हणालो. "टाकून दिल्या."

घरी या गोष्टीची थट्टा झाली. "स्टेशनमास्तर स्वतःच गाडीत बसून गेले," हे दाजी कोणी पाहुणा आला की सांगायचे आणि सगळे हसायचे. यमुनाही हसायची. मला रागवलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर मी तो गेम एकदाच उघडला. सूर्यमाळला बाजूच्या रुळावर गाडी उभी होती, वाट बघत. मी तिच्याकडे बघत बसलो आणि तिला सोडायचं मला जमेना. मी कॉम्प्युटर बंद केला. पुढे मी कारकून झालो, लग्न झालं, मुलं झाली. मुलांना घेऊन आगगाडीत बसतो तेव्हा सगळ्यांना आधी चढवतो आणि स्वतः शेवटी चढतो. बायकोला वाटतं ही माझी सवय आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी यमुनाकडे गेलो होतो. ती आमच्याच पाड्यालगतच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. राहायला सरकारी घर आहे आणि छप्पर गळतं. आम्ही ओट्यावर बसलो होतो. समोर माळ भाजून निघत होता आणि लांबचे डोंगर हवेत तरंगल्यासारखे दिसत होते, पूर्वी कॉम्प्युटरवर दिसायचे तसे, खालून सुटलेले. का कोण जाणे, मला त्या दुपारी राहवलं नाही. मी तिला साखळीचं सांगितलं. बोगद्याचं सांगितलं. त्या बोगद्यात मी तिला विसरलो होतो आणि मला आनंद झाला होता, हे सांगितलं.

ती सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती. तिचा हात थांबला नाही.

"बोगद्यात कशाला, दादा? तू माझ्यासमोरून गेलास तेव्हाच हसत होतास."

"मी हाक मारली होती तुला."

"नाही मारलीस. दारात त्या माणसांच्या मागे तुझं तोंड दिसलं मला. असं हसत होतास की मी तुला तसं कधी पाहिलं नव्हतं. आधी नाही, नंतर पण नाही."

 इतकी वर्षं मी तो आनंद निदान बोगद्याच्या अंधारात तरी ठेवला होता.

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? आईनं तुला घरात ठेवलं नसतं. आणि तुझा राग आला नाही रे मला. मला वाटलं, एवढं काय आहे त्या गाडीत? मग दुसरी गाडी आली तेव्हा मी पण दारात जाऊन उभी राहिले. बायका ओरडत होत्या, आत ये, आत ये. बोगदा आला आणि मी अशी किंचाळले म्हणतोस!" ती एकटीच हसायला लागली. मग सूप बाजूला ठेवून माझ्याकडे वळली. "भाकऱ्या खरंच खराब झाल्या होत्या?"

"नाही."

"खाल्ल्यास?"

"हो."

"माझ्या पण?"

"तुझ्या पण."

"तेच म्हटलं. आक्काच्या हातची भाकरी एका दिवसात खराब होते होय? मी त्या दिवशी रात्रीपर्यंत उपाशी होते, दादा. ह्याचा मात्र राग आहे मला."

ती आत गेली आणि ताटलीत एक भाकरी आणि चटणी घेऊन आली. माझ्यापुढे ठेवली, अर्धी मोडून स्वतः घेतली. तेवढ्यात खालच्या वळणावरून जड गाडीचा आवाज यायला लागला. चढावर दम खात येणारा टँकर. पाड्यांतून बायका हंडे घेऊन निघाल्या होत्या. यमुनानं घास तोंडात टाकला, कोपऱ्यातला विहिरीत टाकायच्या औषधाचा डबा उचलला आणि चपला घातल्या. मी उठायला लागलो.

"तू कुठं निघालास? बस. जागचा हलू नकोस मी येईपर्यंत."

उन्हात ती रस्त्यापर्यंत गेली. टँकर जांभळाच्या झाडाशी न थांबता पुढे आला होता. पाड्याच्या तोंडाशी, मधल्या काळात खणलेल्या नव्या विहिरीजवळ ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं हात वर केला. टँकर थांबला. मी ओट्यावर, तिनं बसवलं होतं तिथेच, हातात अर्धी भाकरी घेऊन बसून राहिलो.